इनवरसिटीची पंगत

पोशीरच्या धाकलूला आसपासच्या गावांत सगळे 'इनवरसिटीचा धाकलू' म्हणत. त्यात निम्मी थट्टा असली तरी निम्मं खरं होतं. गड्याला अक्षराची ओळख नव्हती, पण दिवाळी सरली की नेरळ ठेसनावर जो कुणी चष्मेवाला पेटारे घेऊन उतरे, तो हमालांना पहिलं हेच विचारी, "पोशीरचा धाकलू कुठे भेटेल?"

आधी तो माथेरानला जाणाऱ्या साहेबांची ओझी वाहायचा. ओझी वाहणारे नेरळला छप्पन होते. पण एकदा एका पारशी प्रोफेसराची झाडपाल्याची पेटी त्याच्या डोक्यावर आली, आणि डोंगरउतारावर पाय घसरला तेव्हा धाकलूने स्वतःचा गुडघा फोडून घेतला, पेटी वाकडी होऊ दिली नाही. प्रोफेसरांनी ती गोष्ट मुंबईला जाऊन सांगितली असावी. दुसऱ्या वर्षी दोन जण आले, तिसऱ्या वर्षी चार.

काय काय शोधायला येत ही माणसं! पारशी प्रोफेसर पाला गोळा करून टीपकागदात दाबत. एक गोरा साहेब लहानशा हातोडीने दगड फोडी, त्यातला एखादा जिभेला लावून बघी आणि मग लहान पोरासारखा हसे. एक शास्त्रीबुवा कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांत जाऊन भिंतीवरच्या अक्षरांवर ओला कागद थापटीत. एक अण्णासाहेब म्हणून होते, ते नुसते शब्द वेचीत. तुम्ही नांगराच्या या भागाला काय म्हणता, खालापूरकडे काय म्हणतात, म्हातारी कसं म्हणते, तरणी कशी म्हणते. एका वर्षी तर डोकी मोजणारा आला होता. त्याने पोशीरच्या अकरा बाप्यांची डोकी लोखंडी चिमट्यात धरून मोजली. गावाला वाटलं, हा टोप्या शिवून पाठवणार. पाठवल्या नाहीत.

खरं म्हणजे त्या काळी मुंबईची युनिव्हर्सिटी नुसत्या परीक्षा घ्यायची. शिकवणं आणि शोधणं चाले ते तिच्या हाताखालच्या कॉलेजांत, आणि तिथेही ज्याची त्याची वेगळी खोली नि वेगळं कपाट. पण हे धाकलूला कोण सांगणार? त्याने आपल्या मनाशी इनवरसिटीचा एक उलगडा करून ठेवला होता, आणि तो त्याच्या घराकडे बघून केलेला होता.

धाकलूचं घर तिघा भावांचं. थोरला मालोजी कारभारी. मधला गाडी हाकी. धाकलू ओझी वाही आणि पावसाळ्यात भाताला लागे. दिवसभर तिघांची तोंडं तीन दिशांना असत. पण कुणाला या घरी काही सांगायचं असलं तर तो मालोजीला शोधत बसत नसे. वाटेत जो भाऊ भेटेल त्याच्या कानावर घाली. जेवताना तिघे एका ओळीत बसले की ती गोष्ट निघे, थोरला ऐके, आणि हात धुवायच्या आत काय करायचं ते ठरे. पोशीरात सगळ्याच घरांचं असं होतं. तेव्हा धाकलूच्या हिशेबी इनवरसिटी म्हणजे मुंबईतलं एक भलंमोठं घर. एक भाऊ पाल्याचं बघतो, एक दगडाचं, एक जुन्या अक्षरांचं. जेवायला सगळे एका पंगतीला. आणि पंगतीच्या तोंडाशी बसलेला कुणीतरी थोरला, ज्याला सगळं कळतं.

ही मुंबईत प्लेग आला त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. धाकलूची मुलगी ठकी तेव्हा सात वर्षांची होती. दोन पोरं जाऊन ही राहिलेली, म्हणून नाव ठकी. देवाला ठकवून ठेवलेली. भादव्यात तिला गोवर आला. गेला, पण पोर वाळून काटकी झाली. दिवाळी झाल्यावर एका तिन्हीसांजेला तिने आमटीच्या भांड्यात पाय दिला. सुंदराने, तिच्या आईने, पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती उंबऱ्याला अडखळून पडली. तिसऱ्या दिवशी सुंदराने मारलं नाही. तिच्या तोंडापुढे हात हलवून बघितला.

"अहो, हिला सांजच्याला दिसत नाय," ती धाकलूला म्हणाली. "दिसभर ठीक असती. दिवस बुडला की आंधळी."

"कर्जतच्या दवाखान्यात नेऊ या का?"

हे सुंदरानेच विचारलं आणि तेव्हाच जर तो हो म्हणाला असता! पण धाकलूच्या तोंडावर एक हसू आलं. मोठ्या घरी ओळख असलेल्या माणसाचं हसू.

"कर्जत कशाला गं? परवा पाल्याचे साहेब येतात. त्यांच्या कानावर घालतो. मुंबईलाच कळू दे."

पाल्याचे प्रोफेसर आले. चढावर धाकलूने त्यांना सगळं सांगितलं. प्रोफेसर भला माणूस. थांबून ऐकलं, कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "तुमच्या गावात यावर कुठला पाला देतात?"

"ते सोनुबाईला ठावं. सुईण हाय आमची."

प्रोफेसर मुद्दाम वाट वाकडी करून सोनुबाईच्या दारात गेले. म्हातारीने घरामागच्या शेवग्याकडे बोट केलं. प्रोफेसरांचा चेहरा जरा उतरला. शेवगा तर त्यांना ठाऊकच होता, काहीतरी नवं मिळेल अशी आशा होती. तरी त्यांनी वही काढून लिहून घेतलं. धाकलूने ते लिहिताना पाहिलं आणि त्याच्या डोक्यावरचं ओझं हलकं झालं. लिहिलं म्हणजे पोचलं.

प्रोफेसर पुढे गेले तशी सोनुबाई धाकलूला म्हणाली, "त्याला पुरतं ऐकायचं नव्हतं, तू ऐक. नुसत्या पाल्यानं भागायचं नाय. बोकडाचं काळीज निखाऱ्यावर भाजून दे, तीन येळा. आन रोज शेवग्याचा पाला. पोर उठंल."

"आजी, आता नाय जमायचं," धाकलू म्हणाला. "त्यांच्या कानावर घातलं. त्यांचा हात लागला."

हा नेम सोनुबाईचाच होता. एकाचा हात चालू असताना दुसऱ्याचं औषध घ्यायचं नाही. घेतलं तर दोघांचाही हातगुण जातो आणि दुखणं मधल्यामध्ये माजतं. चाळीस वर्षं तिने हे दर घराला बजावलं होतं. खांडसच्या देवऋष्याकडे गेलेल्या बायकांना तिने याच नेमाने दारातून परत पाठवलं होतं. आता तोच नेम तिच्याच तोंडावर येऊन आदळला.

"काखेत कळसा आन गावाला वळसा," एवढंच ती म्हणाली. धाकलूला वाटलं, म्हातारीला हेवा वाटला.

पंधरा दिवसांनी दगडाचा साहेब आला. धाकलूने त्यालाही सांगितलं, कारण एकाच घरात दोघांच्या कानावर घातलं तर बरंच. साहेबाचं हिंदुस्थानी मोडकं आणि धाकलूचं त्याहून मोडकं. साहेबाला कळलं ते एवढंच, की पोरगी आजारी आहे. तो म्हणाला, पानी, पानी. धाकलू धावत जाऊन विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. साहेबाने बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि ती दगडांच्या पेटीत भुश्यात नीट बसवली. इतकी नीट बसवलेली बाटली बघून धाकलूला गहिवरून आलं. घरी येऊन त्याने सुंदराला सांगितलं, "पानी गेलं मुंबईला. आपल्या ठकीसाठी."

तोवर ठकीच्या डोळ्यांतली चमक गेली होती. धुळीत पडलेल्या गोटीसारखे झाले होते ते.

पौषात शास्त्रीबुवा आले. कोंडाण्याच्या लेण्यांत दुपारी कागद वाळत घालून ते भाकरी खायला बसले, तेव्हा धाकलू हात जोडून लांब उभा राहिला आणि त्याने तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली. शास्त्रीबुवांचे डोळे एकदम लकाकले.

"रातांधळं! अरे, याच्यावर श्लोक आहे!" आणि त्यांनी तो म्हटला. लेण्यात आवाज घुमला. धाकलूच्या अंगावर काटा आला. त्याने ठकीच्या वतीने डोळे मिटून मान वाकवली. श्लोक संपला तरी तो वाकलेलाच होता.

"म्हंजे आता काय करायचं, बुवा?"

"करायचं काय? तो श्लोक मूळचा की मागाहून घुसडलेला, यावरच तर वाद आहे. दुसरी प्रत पुण्याला आहे, ताडून बघायला हवी. बरं झालं बाबा, तू आठवण दिलीस." शास्त्रीबुवांनी आपल्या उपरण्याला गाठ मारली, विसरू नये म्हणून.

ती गाठ धाकलूने बघितली. सांगायचं ते त्याने तीन ठिकाणी सांगितलं होतं. एकाने लिहिलं होतं, एकाने पाणी नेलं होतं, एकाने मंत्र म्हणून गाठ मारली होती. आता याहून माणसाने काय करावं?

माघात मालोजीने गावदेवीचा नवस फेडला. बोकड कापला. सोनुबाई म्हातारी लंगडत लंगडत आली, पळसाच्या पानात काहीतरी झाकून. घरात न शिरता ओट्याशीच उभी राहिली.

"नेम मीच केला, मीच मोडते," ती म्हणाली. "घे. काळीज हाय. गुमान भाजून घाल पोरीला. पाप लागलं तर मला लागंल."

सुंदरा पुढे झाली. तिने दोन्ही हात पसरलेही होते. धाकलूने मध्ये होऊन ते पान म्हातारीच्या हातात परत दिलं. रागाने नव्हे, अगदी अदबीने. "आजी, मुंबईचं उत्तर यायचं हाय. आता एवढं झाल्यावर मधी कालवू नका." सुंदराचे हात तसेच पसरलेले राहिले. मग तिने ते पदराला पुसले, रिकामेच.

त्या आठवड्यात अण्णासाहेब आले, शब्दांचे. आता धाकलू वाट बघत बसला नाही. ठकीला खांद्यावर बसवून थेट ठेसनावर गेला. तिच्या उजव्या बुबुळावर साय धरली होती. अण्णासाहेबांनी तिला खडीसाखर दिली, डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हेही धाकलूने बघितलं. मग त्यांनी वही काढली.

"याला तुम्ही रातांधळंच म्हणता ना? आणि सकाळी दिसायला लागतं त्याला काही वेगळा शब्द?"

मग पोशीरला येऊन त्यांनी सोनुबाईलाही बोलावून घेतलं. काय देता, कसं देता, असं विचारलं. म्हातारीने सांगितलं. "आजी, पुन्हा सांगा, सावकाश," अण्णासाहेब म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि तिच्या तोंडून शब्द जसे पडले तसे, काना-मात्रेसकट, उतरवून घेतले. म्हातारीला वाटलं, हा बाप्या आता उठून बोकड शोधायला धाडणार. तो उठला आणि खालापूरच्या गाडीत बसला. तिकडे हाच शब्द कसा म्हणतात ते त्याला बघायचं होतं.

धाकलू मात्र त्या दिवशी हवेत होता. "आता सोनुबाईलाबी इचारलं त्यांनी," तो सुंदराला सांगत होता. "म्हंजे सगळं जमवत्यात ते. पंगतीला बसले की सांगतीलच."

मग तो दर दोन दिवसांनी ठेसनावर जायला लागला, टपाल विचारायला. हमाल हसत. "काय रं इनवरसिटी, आलं का तुझं फरमान?" तोही हसे. फाल्गुनाच्या तोंडावर खरंच एक कार्ड आलं. तारमास्तरने वाचून दाखवलं. दगडाच्या साहेबाकडून होतं. विहिरीचं पाणी पिण्यास चांगलं आहे, चुन्याचा अंश किंचित जास्त. धाकलूने विचारलं, "आन डोळ्याचं?" मास्तरने कार्ड उलटून बघितलं. मागे धाकलूचं नाव होतं.

शिमग्याला गावची होळी पेटली. गेल्या वर्षी ठकी होळीभोवती नाचताना दोनदा पडली होती आणि दोनदा हसत उठली होती. या वर्षी धाकलूने तिला कडेवर घेऊन जवळ नेलं. ज्वाळा माडाएवढ्या चढल्या होत्या, त्यांच्या उजेडात माणसामाणसाच्या तोंडावरचे तीळ दिसत होते. ठकीने ऊब लागली तशी मान तिकडे वळवली.

"बा, होळी कवा पेटवनार रं?"

धाकलूने तिला छातीशी आवळलं आणि तसाच घरी आला. पोरीने वाटेत चार वेळा विचारलं, न बघता का चाललो, पेटू दे की.

सुंदरा त्याला त्या बाबतीत एक शब्दही बोलली नाही. भांडली असती, छाती पिटली असती, तर त्याने मान खाली घालून ऐकलं असतं, त्याला ते हवंच होतं. पण ती रोज भाकरी वाढी आणि ठकीचा हात धरून भाकरीवर ठेवी. चैत्रात तिने शेवग्याचा पाला शिजवायला सुरुवात केली, रोज. तेव्हा काय उपयोग होता? धाकलू समोर आलेला पाला मुकाट्याने खाई. म्हातारी सोनुबाई त्या पावसाळ्यात गेली. तिच्यामागे सुईण म्हणून कुणी राहिलं नाही.

पुढच्या कार्तिकात अण्णासाहेब आले. या वेळी आपण होऊन पोशीरला चालत, हातात कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन. धाकलूच्या ओट्यावर घोंगडीवर बसले. आत ठकी वालाच्या शेंगा सोलत होती. सोलायला तिला डोळे लागत नसत, त्यामुळे घरात ते काम तिच्याकडे आलं होतं.

"धाकलू, बघ तुझं काम छापून आलं," अण्णासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. "शब्दांची यादी केली मी. तुझ्या गावाचे अडतीस शब्द आहेत. हा बघ, सगळ्यांत मोठा लेख याच शब्दावर." आणि त्यांनी वाचायला घेतलं.

रातांधळं. पोशीर. सायंकाळनंतर न दिसणे. सोनुबाई नावाच्या सुईणीने सांगितलेला उपाय तिच्याच शब्दांत: बोकडाचं काळीज निखाऱ्यावर भाजून तीन येळा, आन रोज शेवग्याचा पाला. या पाल्याचं शास्त्रीय नाव आमच्या कॉलेजातल्या वनस्पतींच्या प्रोफेसरांनी दिलं. काळजाचा, म्हणजे यकृताचा, उपाय जुन्या वैद्यकाच्या श्लोकातही आढळतो. पुण्याच्या प्रतीवरून तो मूळचाच ठरतो, असं शास्त्रीबुवांनी दाखवून दिलं.

धाकलू ऐकत होता.

"तुमी... हे सगळे एका ठिकानी बसून बोललात?" त्याने विचारलं.

"अरे, बोललो म्हणजे? उन्हाळ्यात प्रोफेसरांकडे सगळे जेवायला होतो, शास्त्रीबुवा तेवढे फळांवर. तुझ्याच शब्दावर तासभर रंगलो. गोरा साहेबसुद्धा म्हणाला, तुझ्या विहिरीचं पाणी त्यानं तपासलं होतं म्हणून!"

म्हणजे धाकलूचं सगळं बरोबर होतं. पंगत होती. एका ओळीत सगळे बसले होते. त्याची गोष्ट निघाली होती, आणि हात धुवायच्या आत तिचा निकालही लागला होता. पाल्याचं नाव लागलं, श्लोक मूळचा ठरला, पाणी चांगलं निघालं. आणि उपाय तोच, जो पळसाच्या पानात गुंडाळून या ओट्याशी आला होता आणि त्याने आपल्या हाताने परत दिला होता. मुंबईला जाऊन, शहाण्या माणसांच्या तोंडून खरा ठरून, छापून, तो आता परत आला होता. धाकलूच्या मनात आलं, अण्णासाहेबांच्या पायांवर डोकं आपटावं. मग आलं, स्वतःचंच फोडावं. यातलं काहीच त्याच्याने झालं नाही.

"तुमच्यात थोरला कोन, अण्णासाहेब?" त्याने विचारलं.

"थोरला? छे रे, आमच्यात थोरला कुणी नसतो. ज्याचा त्याचा विषय."

आतून शेंगा सोलल्याचा आवाज थांबला होता. ठकी भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत आली. आवाज कुठून येतो त्याचा अंदाज घेऊन तिने तोंड तिकडे केलं, जरा चुकीच्या बाजूला, अण्णासाहेबांच्या खांद्यावरून पलीकडे.

"अण्णासायेब," ती म्हणाली, "त्या जेवनात माझ्या डोळ्याचं काय ठरलं?"

अण्णासाहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग पुस्तकाकडे बघितलं. पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. त्या लेखात ते सापडणार नव्हतं, तरी ते बराच वेळ शोधत राहिले. सुंदरा चुलीपाशी उभी होती, ती बाहेर आली नाही.

सांजच्या गाडीची वेळ होत आली तसा धाकलू उठला. त्याने रोजच्यासारखी चुंबळ डोक्यावर ठेवली, अण्णासाहेबांचा पेटारा उचलला आणि नेरळच्या वाटेला लागला. पुस्तक ओट्यावरच राहिलं होतं. ठकीने ते चाचपून घेतलं, आणि सोललेले वाल सांडू नयेत म्हणून सुपाखाली टेकण लावून दिलं.